खड्डे मोजू नका, ज्योत मोजा



काल पोळा झाला. तोरणाखाली किती जोड्या उभ्या झाल्या ते मी दरवर्षी मोजतो आणि वहीत लिहून ठेवतो. ही सवय बाबांची. त्यांच्या वहीत १९८७ च्या पोळ्याला ६४ जोड्या लिहिल्या आहेत. काल किती होत्या? ११. त्यातल्या दोन जोड्या भाड्यानं आणलेल्या. बाकीच्यांनी ट्रॅक्टर धुऊन, झेंडूचा हार घालून उभे केले. ट्रॅक्टरलाही पुरणपोळी दाखवली एकानं. हसू आलं, पण वाईटही वाटलं.

आजची नोंद मात्र बैलाची नाही, बैलामागच्या शेणाची आहे. येत्या शुक्रवारी आमच्या गावात बायोगॅसचा मेळावा आहे. ६० घरांची यादी बनून तयार आहे. तुमच्या शेणातून गॅस बनवा, कार्बन वाचवा, पृथ्वी वाचवा, असं पत्रकावर लिहिलं आहे. फॉर्म छापून आले, फक्त सह्या बाकी आहेत.

लोक मला विचारून रायले, "भाऊ, तुमच्याकडे तर दोनदा झालं, सही करू का नको?" प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा इथंच लिहितो.

आधीच सांगतो, मी गोबरगॅसच्या विरोधात नाही. सावनेर तालुक्यातला साधा कास्तकार आहे, ७ एकर वावर, त्यात दीड एकर संत्रा, बाकी कपाशी-तूर. शेणाची किंमत मला समजते. माझं भांडण एवढंच आहे: तुम्ही खड्डे मोजता, ज्योत मोजत नाही. किती संयंत्रं बसवली ते सांगता, त्यातल्या किती चुली आज सकाळी पेटल्या ते सांगत नाही. आणि त्या ज्योतीतून जो काही पैसा निघते, तो जी बाई शेण उचलते तिच्यापर्यंत येत नाही. हे दोन्ही सुधारत असेल तर ६० काय, १६० घरं करा. नसेल सुधारत तर फॉर्म परत घेऊन जा.

आता माझ्या घरचं ऐका.

पहिला गोबरगॅस बाबांनी १९८६ ला बसवला. लोखंडी टोपीचा. खोल विहिरीसारखी टाकी, त्यावर उलटं ठेवलेलं मोठं डबडं, गॅस भरला की डबडं वर येते, वापरला की खाली बसते. ही पद्धत खादी ग्रामोद्योग आयोगानं १९६० नंतर गावोगावी नेली. आणि मुळात शेणा-मैल्याच्या गॅसवर दिवा लावायचा प्रयोग तर मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोगी आश्रमात १८९७ सालीच झाला होता. म्हणजे सव्वाशे वर्षं झाली. त्यामुळे कोणी स्टेजवरून "नवीन तंत्रज्ञान" म्हटलं की मी उठून चहा प्यायला जातो.

त्या गॅसवर माझ्या मायनं आठ वर्षं स्वयंपाक केला. त्याआधी चुलीत पऱ्हाटी आणि तुराट्या. पावसाळ्यात ओली पऱ्हाटी फुंकून फुंकून तिचे डोळे लाल राहायचे, ते आठ वर्षं नाही राहिले. मग टोपी गंजली. शेणाच्या गॅसमध्ये गंधकाचा वायू असते, तो लोखंड खाते. दरवर्षी रंग द्या असं कोणी सांगितलंच नाही. टोपीला भोक पडलं, बाबा दोनदा पंचायत समितीत गेले, मिस्त्री आला नाही. १९९४ ला टोपी भंगारात विकली. खड्ड्यात पावसाचं पाणी साचलं, एक वासरू पडलं, मग तो बुजवला. पण राजेहो, सरकारी यादीत तो खड्डा कितीतरी वर्षं "संयंत्र" म्हणूनच राहिला असेल, कारण काढून टाकायला कोणी आलंच नाही.

१९८१-८२ पासून देशाचा राष्ट्रीय बायोगॅस कार्यक्रम आहे. नाव बदलत गेलं, फलक बदलत गेले. आजवर देशात सुमारे ५० लाख घरगुती संयंत्रं बसली असं सांगतात. बसली असतील. प्रश्न बसवण्याचा नाहीच.

दुसऱ्यांदा मी स्वतः बसवला, २०२२ च्या फेब्रुवारीत. हा फुग्याचा. जाड प्लास्टिकची लांब पिशवी, एका टोकाला शेण-पाणी घालायची कुंडी, दुसऱ्या टोकाला स्लरी निघते. एका कंपनीचे पोट्टे आले, दिवसभरात बसवून गेले. माझा वाटा थोडा, बाकी त्यांचा. दीड महिन्यानं निळी ज्योत आली. खरं सांगतो, घरात सणासारखं वाटलं. पावसाळाभर मस्त चालला. डिसेंबरात गॅस निम्म्यावर आला. हे होणारच, शेणातल्या जंतूंना ३०-३५ डिग्रीची ऊब लागते, आणि आपल्याकडे पौष-माघात रात्री १० च्या खाली जाते. पण हेही कोणी सांगितलं नव्हतं. घरचीला वाटलं आपलंच काही चुकलं.

२०२३ च्या मे महिन्यात उंदरानं पिशवीची कडा कुरतडली. नंबरवर फोन लावला. "नोंद घेतली" म्हणाले. दोन महिने सायकलच्या ट्यूबचं ठिगळ लावून चालवलं. कोठ्यात गेलं की सडक्या अंड्याचा वास. शेवटी एक पोरगा आला, हातात मोबाइल. घरचीला म्हणाला, "काकू, शेगडीजवळ उभ्या राहा." उरलासुरला गॅस पेटवून फोटो काढला, काहीतरी दाबलं, गेला. ठिगळ तसंच.

पुढच्या वर्षी दुसरी बाई सर्वे करायला आली. तिच्या कागदावर प्रश्न होता, "संयंत्र आहे का?" मी म्हटलं, "आहे, पण..." तिनं "आहे" वर खूण केली. "पण" साठी कागदावर जागा नव्हती.

तोवर मी शेण घालणं बंद केलं होतं. घरची सिलिंडरवर आणि सिलिंडर संपलं की पऱ्हाटीवर परत आली होती. पण कागदावर माझ्या घरचा कार्बन आजही वाचूनच रायला आहे!

आता कार्बनची गोष्ट. माझी पोरगी बी.एस्सी. करते. तिच्याजवळ बसून मी हा हिशोब केला, तुम्हीही वहीत करून पाहा.

१ घनमीटर गॅसला २५ किलो ताजं शेण लागते. २ घनमीटरच्या घरगुती संयंत्राला रोज ५० किलो शेण आणि तेवढंच पाणी. १ घनमीटर शेणगॅस म्हणजे सिलिंडरमधला साधारण ४३० ग्रॅम गॅस. २ घनमीटर पूर्ण भरला तर ८६० ग्रॅम. एक किलो सिलिंडरचा गॅस जळला की सुमारे ३ किलो कार्बन डायऑक्साइड निघते. म्हणजे दिवसाला अडीच किलोच्या थोडा वर कार्बन डायऑक्साइड वाचला. छान.

आता तोच गॅस जळला नाही, ठिगळातून हवेत गेला तर? शेणगॅसमध्ये निम्म्याहून जास्त मिथेन असते. आपल्या २ घनमीटरमध्ये साधारण ८०० ग्रॅम. मिथेन हवेत गेला तर शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवते. म्हणजे ८०० ग्रॅम मिथेन बरोबर २२ किलो. एका बाजूला वाचले अडीच किलो, दुसऱ्या बाजूला २२. याचा अर्थ असा की, संयंत्रातला आठवा हिस्सा गॅस जरी गळत असेल, तरी सिलिंडर वाचवून जे कमावलं ते सगळं गेलं. त्याच्या वर गळला तर आपण वातावरणाचं नुकसानच केलं.

साहेब लोक म्हणतील, "काका, उकिरड्यातूनही मिथेन निघतेच ना, तो वाचला की." निघते, नाही म्हणत नाही. पण मिथेन तयार व्हायला हवा बंद पाहिजे. परदेशातल्या हजार-हजार गायींच्या डेअऱ्यांत शेण पाण्यानं धुऊन मोठ्या तळ्यात साठवतात. ते पाण्याखाली कोंडून सडते, तिथून भरमसाट मिथेन निघते. ते तळं झाकून गॅस पकडला तर खरोखर मोठी बचत आहे. आपलं शेण कसं असते? थोडं रानात पडते आणि दोन दिवसांत वाळते. थोड्याच्या गोवऱ्या होतात. बाकी उकिरड्यावर मोकळ्या ढिगात. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचलं तर निघते मिथेन, पण त्या तळ्यांच्या मानानं फार कमी. आणि ढोराचा सगळ्यात जास्त मिथेन शेणातून येतच नाही, रवंथ करताना तोंडातून येते. त्याला गोबरगॅस काय करणार?

म्हणजे आपण काय केलं? जे शेण मोकळ्या हवेत वाळत होतं, ते पिशवीत कोंडलं, त्यातून मुद्दाम मिथेन बनवला आणि मग पिशवी फुटली तर दुरुस्तीला कोणी पाठवला नाही. चालू संयंत्र ही चांगली गोष्ट आहे. गळकं संयंत्र उकिरड्याहून वाईट आहे. म्हणून म्हणतो, ज्योत मोजा. माझ्या घरी जो "आहे" वर खूण करून गेला, त्यानं वातावरणाचा हिशोब उलटा लिहिला.

आता कागदाची गोष्ट. ही सगळ्यात महत्त्वाची, नीट वाचा.

फुगा बसवला तेव्हा मी चार पानांवर सह्या केल्या. वाचल्या नाही. चूक माझी, दहावी पास माणूस आहे, वाचता येत नव्हतं असं नाही. घाई होती, तूर काढणीला आली होती. मागच्या दिवाळीत पोरगीनं तो कागद काढून वाचला. तिसऱ्या पानावर बारीक अक्षरात होतं, की या संयंत्रामुळे जी काही उत्सर्जन-कपात होईल तिचे सर्व हक्क १० वर्षं कंपनीचे. किती टन धरले, काय भावानं विकले, कोणाला विकले, काही नाही. एक टन वाचवला की एक कार्बन क्रेडिट. ते क्रेडिट दुसऱ्या देशातला कारखाना किंवा विमान कंपनी घेऊ शकते आणि आपला धूर कागदावर पुसून टाकू शकते.

मी असं म्हणत नाही की कंपनीनं फुकट काम करावं. पिशवीला पैसा लागते, तो कुठूनतरी येणार. पण कापसाचा सौदा करताना आपण भाव विचारतो, काटा पाहतो, पट्टी घेतो. इथं माल आपला, मेहनत आपली, आणि भाव विचारायचा नाही, काटा पाहायचा नाही. घरची त्या दिवशी एकच वाक्य बोलली, "गॅस तुमचा, क्रेडिट तिकडल्या लोकाईचं, अन घमेलं तेवढं माह्यं." यापुढे मी काय बोलू?

खरंच आहे ते. रोज ५० किलो शेण आणि ५० लिटर पाणी कोण कालवते? भाषण देणारा नाही, फोटो काढणारा नाही, आणि खरं सांगायचं तर मीही नाही. घरची कालवते, गुडघे दुखत असताना.

हे वेगळं होऊ शकते का? होऊ शकते. कर्नाटकात बागेपल्ली तालुका आहे, आंध्रच्या सीमेला, दुष्काळी. तिथं शेतमजूर-छोट्या शेतकऱ्यांचा कुली संघ आहे. त्यांनी ५,५०० घरांत २ घनमीटरची संयंत्रं बांधायचा प्रकल्प २००५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या कार्बन यंत्रणेत नोंदवला, तो संघाच्या नावावर. कार्बनचा मालक संघ. गुजरातेत आणंद जिल्ह्यात झकरियापुरा गावात राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानं घरोघरी संयंत्रं बसवली तेव्हा स्लरी विकत घ्यायचीही सोय लावली. म्हणजे बाईच्या घमेल्याला मोल आलं. हे आपल्यासारख्याच लोकांनी केलं आहे. मग आमच्या मेळाव्यात हा विषय काहून नाही?

आता एक गोष्ट नागपूरच्या लोकांसाठी, राग मानू नका.

आम्ही सावनेर रोडनं नागपूरला येतो तेव्हा कोराडीच्या चिमण्या दिसतात. तिथं ६६० मेगावॅटचे तीन संच कोळशावर चालतात, शिवाय जुनं आहेच. जवळच खापरखेडा. आमच्याच तालुक्यातून कोळसा निघते. ती वीज आम्हीही वापरतो, मोटारीला रात्री मिळते ती. पण हिशोब पाहा. माझं संयंत्र नीट चाललं आणि वर्षाला १० सिलिंडर वाचले, तर सव्वाचारशे किलो कार्बन डायऑक्साइड वाचला. कोळशाच्या विजेच्या एका युनिटमागे सुमारे एक किलो निघते. दीड टनाचा एसी तासाला दीड युनिट खाते. म्हणजे मे महिन्यात शहरातल्या एका खोलीत एक एसी रोज १० तास, ४ आठवडे चालला की आमच्या घरचं वर्षभराचं शेण कालवणं फिटलं.

एसी लावू नका असं म्हणत नाही. नागपूरचा उन्हाळा मलाही माहीत आहे. पण "गावातल्या ढोरांमुळे पृथ्वी तापते" असं एसी हॉलमध्ये बसून बोलू नका. जगाच्या पातळीवर हेच चालू आहे. २०२१ च्या नोव्हेंबरात ग्लासगोच्या परिषदेत अमेरिका आणि युरोपनं पुढाकार घेऊन मिथेन २०३० पर्यंत ३० टक्के कमी करायची शपथ घेतली. शंभरावर देशांनी सही केली. भारतानं केली नाही. मला राजकारण फार समजत नाही, पण इथं आपला देश बरोबर वागला असं माझं मत आहे. आपला मिथेन धानाच्या बांधीतून आणि दोन-चार ढोरांच्या कोठ्यातून येते. तो पोटाचा आहे. अमेरिकेतला एक माणूस वर्षाला जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडते, तेवढा सोडायला आपल्या इथले सात माणसं लागतात.

मग आपण काही करूच नये का? तसं नाही. करावं, पण आपल्या कारणासाठी करावं. मायचे डोळे वाचावे म्हणून. २०२३ च्या उन्हाळ्यात सिलिंडर हजाराच्या वर गेलं होतं, ते परत जाऊ शकते म्हणून. आणि सगळ्यात मोठं कारण, स्लरी. गॅस निघाला तरी शेणातलं नत्र जात नाही, ते स्लरीत राहते. मी चालू होता तेव्हा दीड वर्ष संत्र्याच्या आळ्यात स्लरी सोडली. झाडाखालची माती भुसभुशीत झाली, गांडूळ दिसू लागले, युरियाची एक पिशवी कमी लागली. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. कार्बन वाचला तर तो वरचा लाभ. त्याचे पैसे येत असतील तर आमच्या खात्यात या.

आता तीन आक्षेप येतात, त्यांची उत्तरं देतो.

पहिला: "कास्तकार आळशी आहे, म्हणून बंद पडतात." हे मी चाळीस वर्षं ऐकून रायलो. साहेब, तुमच्या ऑफिसातला पाण्याचा फिल्टर बिघडला तर तुम्ही स्वतः दुरुस्त करता का मिस्त्री बोलावता? आमचा मिस्त्री कुठं आहे? केंद्राच्या कार्यक्रमात बांधून देणाऱ्यावर ५ वर्षं देखभालीची अट कागदावर आहे. ती किती घरी पाळली ते आधी सांगा, मग आळसाचं बोलू.

दुसरा: "उज्ज्वलाचं सिलिंडर घरोघरी आलं, आता गोबरगॅस कशाला?" उज्ज्वला २०१६ ला आली, चांगलं झालं, नाकारत नाही. पण आमच्या गल्लीत फिरून पाहा. सिलिंडर चहाला आणि पाहुण्यांना, अंघोळीचं पाणी आणि भाकरी चुलीवर. भरायला पैसे लागतात, पऱ्हाटी वावरातून फुकट येते.

तिसरा आक्षेप माझाच आहे, आणि तो सगळ्यात कठीण. ढोरं कुठं आहेत? यादीत ६० घरं आहेत. मी गेल्या रविवारी हिंडून मोजलं. चार किंवा जास्त ढोरं असलेली घरं २३. म्हशीवाले धरून. ११ घरांत एकही ढोर नाही, एका घरी फक्त दोन बकऱ्या आहेत! गावठी ढोराचं दिवसाचं शेण १० किलो, म्हशीचं १५. गायकी ढोरं रानात नेते तेव्हा अर्धं शेण तिकडेच राहते. दोन ढोरांवर २ घनमीटरचा फुगा भरेल का? नाही भरणार. तीन महिन्यांत बंद पडेल आणि मग म्हणतील, कास्तकार आळशी. ही यादी कोठ्यात जाऊन बनवलेली नाही, टेबलावर बसून बनवलेली आहे. आकडा वरून आला, नावं खालून भरली.

म्हणून शुक्रवारी मी मेळाव्यात उभं राहून पाच गोष्टी मागणार आहे. तुम्हालाही पटत असतील तर तुमच्या गावात मागा.

एक. यादी कोठा पाहून बनवा. आमच्या गावात आजच्या घडीला २३ घरं. बाकीच्यांना खोटी आशा देऊ नका. दोन-तीन ढोरं असलेल्या शेजाऱ्यांना मिळून एक चालवायचं असेल तर त्यांना तसं करू द्या, पण त्यांच्या मर्जीनं.

दोन. गावातल्याच दोन पोरांना किंवा पोरींना दुरुस्ती शिकवा. पाइपात साचलेलं पाणी काढणं, शेगडीची जाळी साफ करणं, पिशवीला ठिगळ लावणं, एवढंच असते बहुतेक वेळा. वर्ध्याजवळ दत्तपूरला ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र आहे, नागपुरात पशुविज्ञान विद्यापीठ आहे. शिकवणारे दूर नाहीत. त्या पोरांना पगार संयंत्र बसवण्यावर देऊ नका, चालू ठेवण्यावर द्या. महिन्याच्या शेवटी जेवढ्या शेगड्या पेटतात तेवढे पैसे.

तीन. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर काळा फळा लावा. बसवले किती, आज चालू किती, बंद का. दर महिन्याला खडूनं लिहा. "पण" साठी जागा ठेवा.

चार. कार्बनचा करार मराठीत, मोठ्या अक्षरात, ग्रामसभेत वाचून दाखवा. किती टन धरले, काय भावानं विकणार, कास्तकाराचा वाटा किती, आणि संयंत्र बंद पडलं तर हक्क परत कधी येतो. हे लिहिलं नसेल तर सही नाही. आणि वाट्याचे पैसे घरातल्या बाईच्या खात्यात जमा करा. घमेलं तिचं आहे.

पाच. गळती तपासा. फक्त फोटो नको. साबणाचं पाणी सांध्यावर लावलं की बुडबुडा येतो, एवढं तर कोणालाही जमते. वर्षातून दोनदा या, उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात. हिवाळ्यात गॅस कमी येणार हे आधीच सांगा, म्हणजे घरातल्या बाईला आपलंच चुकलं असं वाटणार नाही.

यातलं काही अवघड आहे का? पैसाही फार लागत नाही. फक्त उद्घाटनाच्या दिवशी जेवढे लोक येतात, त्यातले चार लोक सहा महिन्यांनी परत यायला पाहिजे.

माझा स्वतःचा निर्णय सांगून टाकतो, कारण लोक विचारतात. चार ढोरं माझ्याकडे अजून आहेत, दोन गायी, एक म्हैस, एक गोऱ्हा. मी परत बसवायला तयार आहे. तिसऱ्यांदा. पण या वेळी कागद मी वाचणार, पोरगी वाचणार, आणि शेवटी घरचीला विचारणार. ती हो म्हणाली तर सही. ती म्हणाली, "यावेळी शेण तुम्ही कालवा," तर तेही कबूल आहे. लिहून ठेवतो इथं, म्हणजे उद्या फिरता येणार नाही.

आज नागपुरात मारबत निघाली. काळी, पिवळी, मागे बडगे. वर्षाची सगळी पीडा तिच्यावर टाकून शहराबाहेर नेतात आणि जाळतात. सकाळी पोट्टे ओरडत होते, महागाईला घेऊन जा, रोगराईला घेऊन जा. मीही मनात म्हटलं, बंद संयंत्रांच्या चालू याद्या घेऊन जा गे मारबत. न वाचलेले करार घेऊन जा. शेगडीजवळ उभं करून काढलेले फोटो घेऊन जा. शेण तेवढं आमच्याकडे राहू दे, ते कामाचं आहे.

शुक्रवारी सकाळी ११ वाजता, शाळेच्या पटांगणात. मी येतो, वही घेऊन. तुम्हीही या, आणि फॉर्म हातात आला की आधी तिसरं पान वाचा.